बियाणेवाल्यांच्या परसातलं गवत

"अण्णा, बियाणेवाल्यांच्या मागच्या परसात सकाळपासून जेसीबी कशाला घरघरायलाय? बोअर म्हणावं तर गाडी ही नाही."

"बोअर नाही वहिनी, टर्फ. खोट्या गवताचं मैदान करायलेत, नातवांना क्रिकेट खेळायला."

"अगं माय! जन्म गेला बियाणाच्या धंद्यात आणि परसात गवत प्लास्टिकचं?"

अण्णा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. गल्लीत कुणी खड्डा खणला की ते काठावर हजर. तिथून चहा पिऊनच आले होते, तेव्हा बातमी पक्की. बद्रीनारायण बारवाल्यांनी 1964 साली महिको ही बियाणाची कंपनी काढली ती ह्याच जालन्यात. बियाणाचं गाव म्हणून आपली ओळख. तिथं आता बी न लागणारं गवत येणार, ह्याची मला गंमत वाटली. थोडी असूयाही वाटली, खोटं कशाला बोलू.

"पण अण्णा, गवत अंथरायला एवढा खड्डा कशाला? गालिचासारखं पसरलं की झालं."

"तिथंच लोक फसतात," अण्णांनी भिंतीवर कोपर टेकवलं. म्हणजे आता दहा मिनिटं हलणार नाहीत. "आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात बांगड्यांसकट हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर नुसतं टर्फ टाकलं तर एका पावसाळ्यात लाटा उठतात. म्हणून माती काढायची, मुरूम भरून रोलर फिरवायचा, वर खडी, खडीवर बारीक कच. आणि उतार द्यायचा, शंभर फुटाला एक फूट. टर्फच्या पाठीला भोकं असतात, पाणी त्यातून खाली जातं आणि खडीतून नालीला लागतं. नाली नसली तर पोरं चिखलाऐवजी प्लास्टिकवर घसरतील, एवढाच फरक."

"आणि गवत?"

"ते शेवटी. रोल येतात, जोडाखाली पट्टी टाकून डिंकानं चिकटवतात. मग चाळलेली सिलिका वाळू ब्रशनं पात्यांच्या बुडाशी मुरवायची. वाळूच्या वजनानं टर्फ जागचं हलत नाही, पातीही उभी राहतात. वाळूत कंजुषी केली की पाती लोळलीच. खरा पैसा जमिनीखाली जातो वहिनी, पण बघणारा वरचा हिरवा रंग बघतो."

परस काही एवढं मोठं नाही. पिचच 66 फुटांचं, धावत यायला जागा वेगळी. म्हणून टेनिस बॉलचं बॉक्स क्रिकेट, चारी बाजूंनी आणि वरूनही नायलॉनची जाळी. म्हणलं, चला, माझ्या खिडक्या वाचल्या.

"शेठ म्हणायलेत, नातू विजय झोल होणार."

होऊ दे की. आपल्या जालन्याच्या त्या पोरानं 2011 साली कूचबिहार ट्रॉफीत आसामविरुद्ध नाबाद 451 काढले होते, 2014 च्या अंडर-19 वर्ल्ड कपला भारताचा कॅप्टन होता. तेव्हापासून इथल्या प्रत्येक आजोबाला आपल्याच घरात बॅट दिसते.

"पण हे खोटं गवत निघालं कुठून?"

"अमेरिकेतून. ह्यूस्टनला 1965 साली छताचं स्टेडियम बांधलं. छताच्या पारदर्शक पत्र्यांतून ऊन डोळ्यांवर यायचं, खेळाडूंना चेंडू दिसेना. पत्रे रंगवले तर आतलं गवत मेलं. मग 1966 ला प्लास्टिकचं टाकलं. आपल्या हॉकीला ते लई महागात पडलं. 1975 ला आपण वर्ल्ड कप जिंकलो, 1976 ला माँट्रियलला ऑलिंपिकची हॉकी पहिल्यांदा ह्या गवतावर झाली आणि आपण सातवे."

"म्हणजे तिथं ऊन नव्हतं म्हणून हे आलं. इथं मे महिन्यात ऊन उतू जातं, त्याचं काय?"

अण्णा हसले. त्यांना हाच प्रश्न हवा होता. खरं गवत पाणी बाहेर टाकून स्वतःला थंड ठेवतं, प्लास्टिकला ते जमत नाही. भर दुपारी टर्फ साठ अंशांच्या वर तापतं, अनवाणी पाय ठेवता येत नाही. पाणी मारलं तर घटकाभर थंड, पुन्हा तेच. आणि पाणी कुठलं मारायचं? 2012-13 च्या दुष्काळात इथल्या मोसंबीच्या बागा जळाल्या, ज्या जगल्या त्यातल्या कित्येक टँकरवर. ह्या खोट्या हिरवळीला रोज पाणी पाजावं लागत नाही, हे शेठचं म्हणणं मात्र मला पटतं. आपल्याकडं लॉन लावणं ही चैनच.

"उन्हाळ्यात दुपारी मला द्या म्हणावं," मी म्हणलं, "कुरडया एका दिवसात वाळतील."

"वाळू चिकटेल वहिनी."

तेही खरंच. पण मग अण्णांनी हळूच सांगितलं आणि माझी थट्टा संपली. परसातल्या निंबावर खूण केली आहे म्हणे. पानं आणि निंबोळ्या टर्फवर पडतात, जाळी भरते, म्हणून ठेकेदारानं तोडा म्हणून सांगितलं. आता बघा, चार वाजता त्या परसात सावली पडते ती फक्त त्या निंबाची. ती गेली की पोरं खेळणार कधी? रात्री, मोठे दिवे लावून. म्हणजे झाडही गेलं आणि आपली झोपही. पानं तर झाडूनं निघतात. शिवाय शहरातलं झाड मनाला आलं म्हणून तोडता येत नाही, 1975 चा कायदा आहे. आपली नगरपालिका 2023 ला महापालिका झाली, अर्ज आता तिथं करायचा.

"तुम्हीच बोला की शेठना," अण्णा म्हणाले.

बोलायला काय, भिंतीवर बोललेलं इथं दिवेलागणीच्या आत घरोघरी पोचतं. तर शेठ, टर्फ खुशाल टाका, मुरूमही दाबून भरा. पण निंबाला हात लावायचा असेल तर आधी परवानगीचा कागद दाखवा, आणि रात्री दहानंतर दिवे बंद ठेवा. आमच्या धाकटीची यंदा दहावी आहे.