लेखीकाका

तुमच्या सोसायटीत त्यांना काय म्हणतात ते मला माहीत नाही. आमच्याकडे, बदलापूर पूर्वेला, त्यांना लेखीकाका म्हणतात. अर्थात पाठीमागे. समोर म्हटलं तर ‘हे नाव कोणी ठेवलं ते लेखी द्या’ म्हणायला ते कमी करणार नाहीत.

परवा शेजारच्या पोरानं पहिली गाडी घेतली. डिलिव्हरी घ्यायला अख्खा मजला कल्याण-शीळ रस्त्यावरच्या शोरूमला गेला. गाडीवर लाल साटिनची चादर, हातभर लांबीची पुठ्ठ्याची किल्ली, पेढ्यांचा बॉक्स, चाकांखाली लिंबं, सगळं साग्रसंगीत. पोराची आई गाडीला कुंकू लावत होती, तेव्हा काका जमिनीवर उकिडवे बसून मोबाइलच्या उजेडात टायर वाचत होते. टायरवर शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायर एका वर्षाचे निघाले. मग काकांनी डिकी उघडायला लावली, पायपुसणं बाजूला केलं आणि स्टेपनी वाचली. ती आदल्या वर्षाची होती.

“लेखी द्या,” काका म्हणाले.

“काय सर?”

“स्टेपनी गाडीपेक्षा वयानं मोठी आहे, एवढंच.”

सेल्सवाली मुलगी हसली. काका हसले नाहीत. मॅनेजर आला, त्याचा मॅनेजर आला, मुहूर्त टळला. शेवटी स्टेपनी बदलून मिळाली. त्या दिवसाच्या फोटोत सगळे दात काढून उभे आहेत आणि उजव्या कोपऱ्यात काकांची फक्त पाठ आहे.

हे गाडीपुरतं असतं तर चाललं असतं. वडापाववाला म्हणाला, ‘काका, आत्ताच काढलाय’, की लेखी द्या. गणपतीची वर्गणी घेणारी पोरं म्हणाली, ‘यंदा डीजे नाही’, की लेखी द्या. डॉक्टर म्हणाले, ‘तुम्हाला काही होत नाही’, तरी लेखी द्या. डॉक्टरांनी मुकाट्यानं चिठ्ठी लिहून दिली, पण ते अक्षर कुणालाच लागत नसल्यामुळे काकांच्या मते ते लेखी धरता येत नाही. लोकल उशिरा आली की काका गर्दीच्या उलट दिशेनं चालत स्टेशन मास्तरांच्या खोलीत जातात आणि तक्रारवही मागतात. या रोगावर उतारा फक्त काकूंकडे आहे. “चहा दुसऱ्यांदा मिळणार नाही,” त्या म्हणतात, “हवं तर लेखी देते.”

काका अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत इन्स्पेक्शनला होते. मालावर ‘ओके’ किंवा ‘रिजेक्ट’ हे दोनच शिक्के मारत नोकरी संपली. अंबरनाथचं शिवमंदिर दाखवायला पाहुण्यांना नेलं की लोक शिल्पं बघतात, काका शिलालेख दाखवतात. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. “शिलाहारांनी बघा, काम पुरं केलं आणि दगडात लेखी दिलं. तारखेसकट!”

पण खरं मूळ बिल्डरात आहे. परळची चाळ सोडून काका इथे आले तेव्हा बिल्डरनं दोन गोष्टी तोंडी सांगितल्या होत्या. स्टेशन पाच मिनिटांवर, आणि चोवीस तास पाणी. पाच मिनिटं खरीच होती, फक्त ती कोणत्या वाहनाची ते सांगायचं राहून गेलं. पाणी चोवीस तासांतून एकदा यायचं. बारवी धरण उशाला आणि कोरड घशाला, हे आमच्याकडे म्हण म्हणून नव्हे, पत्ता म्हणून सांगतात. तेव्हापासून काकांचा माणसाच्या तोंडावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

आता टायरचं प्रकरण. हे काका कुणालाही, कुठेही, विनाकारण सांगतात, त्यामुळे आमच्या कॉलनीतल्या पाचवीच्या मुलांनाही टायर रोटेशन तोंडपाठ आहे. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनाचं वजन पुढे, ओढ पुढच्या चाकांना, वळणं त्यांनाच, ब्रेकचा मोठा भारही त्यांच्यावर. म्हणून पुढचे टायर आधी झिजतात. साधारण आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे सरळ मागे टाकायचे आणि मागचे तिरके करून पुढे आणायचे, डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. एवढंच शास्त्र. सर्व्हिसच्या बिलात त्याची ओळ असते, पुढे रक्कम असते आणि ‘केले’ अशी बरोबरची खूण असते.

ती खूण काकांना झोपू देईना. स्वतःच्या गाडीच्या पुढच्या सर्व्हिसच्या आदल्या रात्री ते पार्किंगमध्ये उतरले, काकूंची नेलपॉलिश घेऊन. पुढच्या डाव्या टायरला एक ठिपका, उजव्याला दोन, मागे तीन आणि चार. रिमच्या आतल्या बाजूला, वाकल्याशिवाय दिसणार नाहीत असे. दुसऱ्या दिवशी गाडी धुऊन-पुसून परत आली, बिलात रोटेशन, अलाइनमेंट, बॅलन्सिंग, तिन्ही लागलेलं. काका सर्व्हिस सेंटरच्या दारातच खाली वाकले. एक, दोन, तीन, चार. गुलाबी ठिपके जागच्या जागी.

सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा, गळ्यात टाय, डोळ्यांत टार्गेट. तो क्षणभर विचारात पडला आणि म्हणाला, “सर, एकदा क्रॉस करून चुकून परत क्रॉस केले असतील.”

मला हे उत्तर आवडलं. काकांना आवडलं नाही. त्यांना ते लेखी हवं होतं.

पुढे टायर आतल्या कडेनं झिजले. काकांनी वॉरंटी मागितली. डीलर म्हणाला, टायरची वॉरंटी आमची नाही, टायर कंपनीची. टायर कंपनी म्हणाली, दोष रबराचा नाही, अलाइनमेंटचा. अलाइनमेंटवाला म्हणाला, रस्त्यांचा. रस्त्याचं खातं अर्थातच पावसाकडे बोट दाखवतं. टायरचं रोटेशन झालं नाही, जबाबदारीचं मात्र व्यवस्थित झालं. शेवटी डीलरचा ईमेल आला: ‘वेळोवेळी रोटेशन न केल्याने दावा नाकारण्यात येत आहे.’ काकांनी तो वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटलं ते मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. एकाच डीलरचे दोन कागद! बिल म्हणतं रोटेशन केलं, पत्र म्हणतं केलं नाही. दोन्ही लेखी.

संध्याकाळी फीडबॅकचा फोन आला. “सर, प्लीज दहापैकी दहा द्या, नाहीतर आमचा इन्सेंटिव्ह कापतात.” काका म्हणाले, आकडा मी लेखी कळवीन.

प्रकरण ठाण्याला जिल्हा ग्राहक आयोगात गेलं. डीलर कुठलाही असो, २०१९च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. हे सगळं मला सकाळच्या फेरीत, धाप लागलेली असताना कळलं. निकाल तीन महिन्यांत, प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिन्यांत, असंही कायद्यात लिहिलंय. कायद्यानं इतकं लेखी देऊनही काकांची पुढची तारीख पावसाळ्यानंतरची आहे. याबद्दल ते बोलत नाहीत.

त्याऐवजी ते गोव्याचा खटला सांगतात. तिथल्या एका गृहस्थानं २०११चं मॉडेल म्हणून पैसे भरले आणि डीलरनं २००९ची गाडी गळ्यात मारली. माणूस जिल्हा मंचापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत जिंकत गेला. मग टाटा मोटर्स सर्वोच्च न्यायालयात गेली आणि फेब्रुवारी २०२१मध्ये न्यायालयानं सांगितलं की डीलरच्या या करणीची माहिती कंपनीला होती असा पुरावा नसेल, तर कंपनीला जबाबदार धरता येणार नाही. भरपाई डीलरकडून घ्या. “म्हणजे पाटीवर नाव कंपनीचं, आत माणूस डीलरचा,” काका म्हणतात. “पाटी बघून पैसे द्यायचे आणि माणूस बघून भांडायचं!”

मधल्या काळात टायर फिरवायला ते उल्हासनगरला जाऊ लागले, कॅम्प चारला. तिथल्या सिंधी टायरवाल्याकडे जॉबकार्ड नाही, एसी नाही, कॉफी नाही. जॅक लावला, पाना फिरवला, समोर उभं राहून चार चाकं बदलून घेतली. काकांनी सवयीनं लेखी मागितलं. त्यानं पंक्चरच्या सोल्युशनचे हात पँटला पुसले आणि दुकानाच्या कार्डामागे लिहून दिलं: ‘टायर घुमाया. साईं खुद देख रहे थे.’ काकांनी ते लॅमिनेट करून घेतलंय.

इतकं झाल्यावर माणूस असह्य व्हायला हवा. होतोही. पण आमच्याच कॉलनीत शाळेची व्हॅन चालवणारा एक जण आहे. त्याचा गिअरबॉक्स वॉरंटीत असताना गेला. डीलर म्हणाला, गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहकच नाही. काकांनी रात्री जागून पत्र लिहिलं की स्वतःच्या पोटासाठी स्वतः गाडी चालवणारा कायद्यानं ग्राहकच असतो. मग डीलरनं दुसरं कारण काढलं, टायर रोटेशन बाहेर केलंय म्हणून वॉरंटी रद्द. काकांनी दुसरं पत्र लिहिलं, एका ओळीचं: ‘टायरचा गिअरबॉक्सशी संबंध काय, ते लेखी द्या.’

याला लेखी उत्तर कोण देणार? फोन आला. वॉरंटीत बसत नाही, पण ‘गुडविल’ म्हणून करून देतो, आजच गाडी घेऊन या. मी तिथेच होतो. मला वाटलं, आता काका उसळणार. गुडविल म्हणजे उपकार, हक्क नव्हे, यावर ते तासभर बोलू शकतात. व्हॅनवाला नुसता उभा होता. गाडी महिनाभर बंद, हप्ता चालू, पोरांच्या आया दुसरी व्हॅन शोधत होत्या. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“जा, घेऊन जा गाडी,” ते म्हणाले. “लेखी नंतर बघू.”

तेव्हा गाडीवरून तुमचंही कुठे अडलं असेल तर काकांना जरूर भेटा. दुपारी दोन ते चार ते झोपतात, ते सोडून कधीही. बिल, जॉबकार्ड, सर्व्हिस बुक, सगळ्याच्या मूळ प्रती न्या. आणि डीलरनं नुसतंच तोंडी नाही म्हटलं असेल, तर आधी परत शोरूमला जा. तोंडी नकारावर काका चहाही विचारत नाहीत.