सात कायम, बारा कोरा

आइंडहोव्हन, नेदरलँड्स

तीर्थरूप बाबांचे सेवेशी, बालकाचा शिरसाष्टांग नमस्कार.

विषय : दारव्हा येथील घरच्या संगणकाची हार्ड डिस्क बदलल्यानंतर विंडोजच्या परवान्याच्या पुनर्नोंदीबाबत.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाच्या सर्व भागांकडून काम करवून घेणारी मूळ प्रणाली होय. ती विकत घेतली असे बोलण्याची रीत असली, तरी पैसे मोजून हाती येतो तो केवळ ती वापरण्याचा परवाना, आणि हा परवाना कोणत्या यंत्राच्या नावे आहे याची पडताळणी करून प्रणाली बनवणाऱ्या कंपनीच्या दप्तरी जी नोंद होते तिला ॲक्टिव्हेशन म्हणतात. हयात महसूल खात्यात घालवलेल्या निवृत्त मंडल अधिकाऱ्यास ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाची व कोणत्या हक्काने हे लिहिलेले असते, नमुना बारामध्ये तीत काय पेरले हे लिहिलेले असते, आणि दोन्ही एकाच कागदावर छापून येत असल्याने त्यांना एकच समजणाऱ्यांशी तीर्थरूपांनी चावडीत किती वर्षे घसा कोरडा केला हे घरात सर्वांना ठाऊक आहे. संगणकातही नेमका हाच घोटाळा होतो. हार्ड डिस्क हा बारा आहे: फोटो, पत्रे, पेन्शनचे कागद हे तीत उभे असलेले पीक. ज्या पाटीवर यंत्राचे सगळे भाग जोडलेले असतात तो मदरबोर्ड ही जमीन, आणि सातचा उतारा या जमिनीचा असतो, पिकाचा नव्हे.

2012 साली विंडोज 8 आल्यापासून संगणक बनवणाऱ्या कंपनीकडून तयार येणाऱ्या यंत्रांत परवान्याची किल्ली मदरबोर्डवरील चिपमध्येच भरून ठेवण्याची पद्धत पडली, आणि 2015 च्या विंडोज 10 पासून यंत्राच्या भागांवरून तयार केलेली खूण सर्व्हरवर जपून ठेवली जाते, जिला डिजिटल लायसन्स म्हणतात. म्हणून डिस्क बदलल्यावर तीच आवृत्ती नव्याने भरावी, किल्ली विचारली असता ती नसल्याचे निःसंकोच सांगावे व यंत्र इंटरनेटला जोडावे, एवढ्याने परवाना बहुधा आपोआप लागू होतो. पूर्वी एवढे सुख नव्हते. किल्ली पंचवीस अक्षरांची असे आणि तीत इंग्रजीतला एकही स्वर नसे, त्यामुळे ती फोनवरून सांगणारा व ऐकणारा दोघेही थोड्याच वेळात एकमेकांवर खेकसू लागत. 2001 च्या विंडोज एक्सपीत यंत्राची ओळख दहा खुणांवरून ठरे व हार्ड डिस्कही त्यांत धरली जाई. परंतु चतुःसीमेतला एक शेजारी बदलला म्हणून शेत हरवत नाही, तद्वत एकट्या डिस्कच्या बदलाने तेव्हाही ओळख पुसली जात नसे.

याहून जवळचा दाखला दारव्ह्याच्या स्टेशनातच उभा आहे. मूर्तिजापूर–यवतमाळ ही शकुंतला नावाने ओळखली जाणारी नॅरोगेज गाडी सरकारी रेल्वे चालवीत असे, पण मार्ग खाजगी कंपनीच्या मालकीचा होता. 1994 साली वाफेचे इंजिन जाऊन डिझेलचे आले, तरी मालकीचा कागद मार्गाचा असल्याने त्यास इंजिनाच्या बदलाने काहीच झाले नाही. (त्या वाफेच्या इंजिनाबद्दल तीर्थरूपांना जी हळहळ वाटते ती निकामी डिस्कबद्दल वाटत नाही, हे समजण्यासारखे आहे, डिस्कने कधी शिट्टी वाजवली नव्हती.)

आता प्रश्न असा उरतो की, सात कायम असता पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ ही पुसट अक्षरे, ज्यांना तीर्थरूपांनी आपल्या पत्रात ‘अतिक्रमणाची नोटीस’ असे संबोधले आहे, ती का उमटली. डिस्क बसवणाऱ्या दुकानदाराने “काकाजी, लायसन नवीनच घ्या लागते” असा निर्वाळा दिला. परंतु सूनबाईंनी व्हिडिओ कॉलवरून सेटिंग्ज, त्यात सिस्टीम, त्यात ॲक्टिव्हेशन हे पान उघडायला लावले, तेव्हा तेथे आवृत्ती ‘प्रो’ लिहिलेली आढळली. यंत्र विकत घेतले तेव्हा त्यासोबत ‘होम’ आवृत्तीचा परवाना आला होता. होम ही घरगुती वापराची आणि प्रो ही कचेऱ्यांसाठी जादा सोयी असलेली आवृत्ती; दुकानदाराकडील तयार पेनड्राइव्हमध्ये प्रो होती म्हणून त्याने तीच भरली. म्हणजे जिरायत गटाच्या उताऱ्यावर बागायत दाखवून उसाची नोंद केली, आणि दप्तराने ती नाकारली. दप्तर बरोबर होते. येथे नवा परवाना घेणे म्हणजे चुकीच्या पीकपाहणीसाठी शेत दुसऱ्यांदा विकत घेणे होय.

यावर उपाय एकच, तो असा की मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून किमान 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर प्रणाली उतरवून होम आवृत्ती नव्याने भरावी. तत्पूर्वी नव्या डिस्कवर जमा झालेले कागद दुसरीकडे उतरवून घ्यावेत, कारण परवाना सर्व्हरवरून परत येतो, नातवाच्या बारशाचे फोटो येत नाहीत. सबब हे प्रकरण महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या लोकशाही दिनी जिल्हाधिकाऱ्यांपुढे मांडण्याचा विचार तीर्थरूपांनी सोडून द्यावा, अशी येथील तिघांची विनंती आहे.

मदरबोर्डच बदलावा लागला तर मात्र जमीनच बदलली असे होते आणि फेरफार घ्यावा लागतो. सुटा विकत घेतलेला परवाना दुसऱ्या यंत्रावर नेता येतो, यंत्रासोबत आलेला सहसा त्या यंत्राबरोबरच संपतो. परवाना आधीच मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवलेला असल्यास ट्रबलशूटर नावाच्या सोयीत जाऊन हार्डवेअर नुकतेच बदलल्याचे सांगता येते, व मंजुरी मिळालीच तर ती काही मिनिटांत मिळते. हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस चावडीवर लावावी लागत नाही, याचे तीर्थरूपांना वैषम्य वाटेल.

येथे सर्व क्षेम आहे. तिळाची चटणी व जवसाची पुडी पोचली. मातोश्रींस साष्टांग नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
चिरंजीव

ता. क. परवाना नसताना सेटिंग्जमधून पडद्यावरचे चित्र बदलता येत नाही, असे या पत्रात लिहायचे होते. परंतु मातोश्रींनी नातवाच्या फोटोवर उजवी कळ दाबून तो परस्पर पडद्यावर लावल्याचे कालच्या कॉलमध्ये दिसले. ती पुसट अक्षरे नातवाच्या टोपीवर आली आहेत. मातोश्रींच्या मते ती टोपीचीच आहेत, तेव्हा त्यांच्यापुरते प्रकरण निकाली निघाले आहे.