कठड्यावरचा हेर

विनोदी ऐतिहासिक हेरकथा हा प्रकार मराठी साहित्याच्या कोणत्या खणात ठेवावा याविषयी मतभेद असले, तरी तो वाचणारा वाचक कशाने अस्वस्थ होतो याविषयी आता मतभेद उरलेला नाही. तो कठड्याने अस्वस्थ होतो. कठडा म्हणजे रस्ता, पूल, विहीर किंवा गच्ची यांच्या कडेला माणूस खाली पडू नये म्हणून घातलेला कमरेइतका आडोसा. आणि ज्या कादंबरीमुळे हा शब्द महाड-पोलादपूर परिसरात सध्या इतिहाससंशोधनाचा विषय झाला आहे, तिच्या शहाण्णवाव्या पानावर शिवकालातला एक हेर गोसाव्याच्या वेषात आंबेनळी घाटातल्या एका वळणावर येतो, कठड्यावर बसून भिजलेली कफनी पिळतो आणि शत्रूचे सगळे गुपित ऐकतो, कारण शत्रूचा हेरही गोसाव्याच्याच वेषात त्याच कठड्याच्या दुसऱ्या टोकाला कफनी पिळत बसलेला असतो. कादंबरीचे नाव येथे दिलेले नाही. अभिप्राय देणाऱ्यांपैकी कोणालाही त्याची गरज भासलेली नाही.

अभिप्रायांचा सूर एकच आहे, तो असा की त्या काळी आंबेनळीत कठडा नव्हता. हे खरे आहे. पोलादपुराहून महाबळेश्वराकडे चढणारा आजचा रस्ता मूळचा इंग्रजी अमदानीतला, एकोणिसाव्या शतकातला, आणि त्या काळच्या इंग्रजी लिखाणात तो फिट्झजेराल्ड घाट या नावाने येतो. त्याआधीचा जुना राबता पार घाटाने, म्हणजे प्रतापगडाच्या पायथ्याजवळून होत असे, आणि पारहून वर माथ्यावर जाणाऱ्या चढणीला रडतोंडीचा घाट असे नाव आहे, जे वाटसरूंनी एखाद्या वाटेविषयी दिलेल्या अभिप्रायाचे मराठीतील सर्वांत संक्षिप्त आणि सर्वांत प्रामाणिक उदाहरण मानावे लागेल. नळी म्हणजे सह्याद्रीच्या बोलीत डोंगराच्या अंगातली अरुंद, तीव्र उताराची घळ, जिच्यातून पावसाळ्यात पाणी उतरते आणि उन्हाळ्यात माणूस. धबधब्याला जसा जिना नसतो, तसा नळीला कठडा नसतो. तेव्हा वाचकांचा मुद्दा निर्विवाद आहे, आणि निर्विवाद मुद्दा एकदा हाती लागला की मराठी वाचक तो पुढच्या पिढीकडे सोपवल्याशिवाय सोडत नाही.

याच कादंबरीत नायकाचा पोपट फारसीत शिव्या देतो, नायक भर श्रावणात सावित्री नदी एका उडीत ओलांडतो, आणि खलनायक आपल्या मिशीत दडवलेला नकाशा शिंक आल्यामुळे गमावतो. त्यांपैकी कशालाही कोणाची हरकत नाही, कारण पोपट, उडी आणि मिशी यांना इतिहासात पुष्कळ आधार आहेत असे सर्वांनी धरून ठेवले आहे.

कठड्याला मात्र अस्सल कागद हवा. अस्सल म्हणजे ज्या काळची घटना त्याच काळी लिहिलेला मूळ कागद. त्याची उतरून काढलेली प्रत ती नक्कल, आणि पुष्कळ वर्षांनी आठवणीवर, ऐकिवावर व लेखकाच्या उत्साहावर रचलेली ती बखर. या तिहींतला फरक इतिहासाच्या अभ्यासकाला कळणे आवश्यक आहे आणि विनोदी कादंबरीच्या वाचकाला कळला नाही तरी चालण्यासारखे आहे. परंतु १८७१ साली ‘मोचनगड’ ही मराठीतील पहिली मानली जाणारी ऐतिहासिक कादंबरी पुस्तकरूपाने आली, तेव्हापासून या वाचकाने कादंबरीला पुरावा मागण्याची आणि पुराव्याला कादंबरी समजण्याची सवय लावून घेतली आहे. कठडा असल्याचा अस्सल कागद लेखकाने दाखवावा, ही मागणी एका पक्षाने केली. कठडा नसल्याचा अस्सल कागद टीकाकारांनी दाखवावा, ही दुसऱ्याने. वस्तुतः अमुक वळणावर आज कठडा नाही असे पत्र कोणत्याही कारकुनाने कोणत्याही राजवटीत आपणहून लिहिलेले नाही (या एका बाबतीत दफ्तरांची परंपरा अखंड आहे). तरीही मोडी कागद तपासले गेले, आणि मोडीत शब्दांमध्ये अंतर सोडण्याचा रिवाज नसल्यामुळे ज्याला कठडा हवा होता त्याला तो सापडला व ज्याला नको होता त्याला त्याच ओळीत गुरांचा चारा सापडला. कापड्याच्या एका वाचकाने हेर आपल्या गावावरून गेला असूनही पाणी प्यायला थांबला नाही याबद्दल नापसंती नोंदवली आहे. मुंबईत राहणाऱ्या आणि शिमग्याला गावी येणाऱ्या दुसऱ्याने घाटाची लांबी मोजली असून, सुमारे ४० किलोमीटरचे हे अंतर पायी एका रात्रीत होणार नाही, एसटीलाच दीड तास लागतो, असे दाखवून दिले आहे. तिसऱ्याचे मत असे की विनोद उत्तम आहे, परंतु तो गांभीर्याने लिहायला हवा होता.

कादंबरीत खरा दोष आहे तो वेगळाच. जासूद म्हणजे मुख्यतः पत्रे पोचवणारा, प्रसंगी बातमीही आणणारा. नजरबाज म्हणजे शत्रूचा मुलूख आणि फौज डोळ्यांनी पाहून येणारा. बहुरूपी म्हणजे सोंगे घेऊन पोट भरणारा, ज्याच्या सोंगाआड हेराला सहज लपता येते. लेखकाने हे तिन्ही शब्द एकाच माणसासाठी, कधी कधी एकाच परिच्छेदात, वापरले आहेत, आणि तिसऱ्या प्रकरणानंतर त्याचा विनोद घाट चढणाऱ्या लादलेल्या बैलासारखा धापा टाकू लागतो. याबद्दल एका वाचकानेही चकार शब्द काढलेला नाही.

कारण सर्वांचे डोळे कठड्यावर. येथे एक साधा प्रश्न उपस्थित होतो, आणि तो साहित्याचा नसल्यामुळे विद्वानांनी तो टाळला आहे. सतराव्या शतकात आंबेनळीत कठडा नव्हता हे ज्यांना इतक्या पोटतिडकीने कळते, त्यांना एकविसाव्या शतकात तो जागोजागी कसा आहे हे दिसते की नाही? कोणत्याही घाटात पावसाळ्यानंतर दिसणारे दृश्य परिचयाचे आहे: दगडी कठड्याचा पांढरा चुना आणि काळा पट्टा नीट चालत येतो, वळणावर अचानक थांबतो, मध्ये चार हात काहीच नसते, त्या रिकाम्या जागी कारवीच्या दोन काठ्या रोवून त्यांना लाल फडके बांधलेले असते किंवा एक गंजके पिंप उभे केलेले असते, आणि मग पलीकडे, जणू काही झालेच नाही अशा चेहऱ्याने, कठडा पुन्हा सुरू होतो व त्यावर वानर बसलेले असते. २०१८ च्या जुलैत याच आंबेनळीत एक बस दरीत कोसळली आणि तिच्यातली ३० माणसे गेली. २०२१ च्या जुलैत दरडी आल्या, रस्ता तुटला आणि घाट बंद झाला. खाली महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री गाड्यांसह वाहून गेला, तर वर पार गावाजवळ कोयनेवरचा शिवकालीन दगडी पूल अजून उभा आहे आणि त्यावरून लोक जातात. म्हणजे ज्या शतकाला कठडा माहीत नव्हता असे सिद्ध करण्यासाठी एवढी शाई खर्ची पडली, त्या शतकाला निदान दगडावर दगड ठेवता येत होता. हा मजकूर लिहून पाठवण्यासाठी मात्र कोणाला कागद मिळत नाही. चार पानी अभिप्राय, समासात तिथी, शेवटी सही, पत्ता, हुद्दा, सेवानिवृत्त असल्यास तसा उल्लेख, आणि सगळे कशासाठी, तर छापील कागदावरचा एक कठडा, ज्यावरून आजवर कोणीही पडलेले नाही, तो पाडण्यासाठी! घाटाची एक बाजू रायगड जिल्ह्यात आणि दुसरी साताऱ्यात असल्यामुळे पडलेला कठडा कोणाचा हा प्रश्न नेहमीच अभ्यासाचा ठरतो; कादंबरीतला कोणाचा, हे मात्र दोन्ही जिल्ह्यांतल्या वाचकांनी आठ दिवसांत ठरवले. तो दोघांचाही नव्हता.

लेखकाने अखेर नमते घेतले आहे. दुसऱ्या आवृत्तीतून कठडा काढून टाकण्यात आला असून दोन्ही हेर आता एका मोठ्या दगडावर पाठीला पाठ लावून बसतात आणि कफन्या पिळतात. त्या आवृत्तीवरचा पहिला अभिप्राय पोलादपुराहून आला आहे. दगड कोणत्या जातीचा होता, हे लेखकाने स्पष्ट करावे, असे त्यात म्हटले आहे.