समुद्रातल्या आवाजाचा वेग ताशी किलोमीटरमध्ये कसा आणावा

(पुणे शहर व उपनगरांतील जिज्ञासूंसाठी)

पुण्यातून समुद्र दिसत नाही, ही या विषयातली अडचण नसून सोय आहे. समोर समुद्र असला की माणूस लाटा बघत बसतो आणि आकडेमोड राहून जाते. शिवाय आपलं शहर या बाबतीत वाटतं तितकं कोरडं नाही. 1916 साली स्थापन झालेलं केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र खडकवासल्याला आहे. तिथे बंदरांच्या छोट्या प्रतिकृती बांधून त्यांत भरती-ओहोटी खेळवतात. शेजारी एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, पोरं धरणाच्या पाण्यात होड्या चालवायला शिकतात आणि त्यांतली काही पुढे नौदलात जातात. तेव्हा ‘आपल्याला काय करायचंय’ हा सूर लावू नये.

साहित्य: पेन्सिल, मागून कोरी असलेली जुनी लग्नपत्रिका आणि एक सासरे. सासऱ्यांची नोकरी बंदरांची खोली मोजण्यात गेलेली असल्यास उत्तम. आमच्या सासऱ्यांची गेली आहे. त्यांना घरात सगळे नाना म्हणतात.

नियम पहिला. गुणाकार आधी उरकून घ्यावा, कारण तेवढाच सोपा आहे. पुस्तकात वेग सेकंदाला 1500 मीटर दिलेला असतो. तासाचे सेकंद 3600, किलोमीटरचे मीटर 1000, म्हणून 3.6 ने गुणायचं. तोंडी करायचं तर चौपट करून त्यातला दहावा हिस्सा वजा करावा: 6000 उणे 600. उत्तर ताशी 5400 किलोमीटर. संपलं.

नियम दुसरा. संपलं असं नानांसमोर म्हणू नये.

आमच्या मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी एवढाच एक आकडा हवा होता. मी म्हटलं, ‘नाना, समुद्रात आवाजाचा वेग पंधराशेच ना?’ नानांनी चहाची बशी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि विचारलं, ‘कुठल्या समुद्रात?’ अरबी, म्हटलं. ‘कुठल्या महिन्यात? किती खोलीवर? खाडीच्या तोंडाशी की बाहेर?’ बँकेत कर्जासाठी गेलो होतो तेव्हाही मला इतकं विचारलं नव्हतं.

आता कबूल करायला जिवावर येतं, पण प्रश्न बिनतोड होते. शून्य अंशाच्या खाऱ्या पाण्यात पृष्ठभागाजवळ आवाज सेकंदाला 1449 मीटर जातो, म्हणजे ताशी सुमारे 5216 किलोमीटर. आपल्या किनाऱ्यावर पाणी 28 अंशांचं असेल तर 1541, म्हणजे ताशी 5548. दोन्ही समुद्रच, आणि फरक ताशी सव्वातीनशे किलोमीटरहून जास्त. क्षारता हजारात एकाने वाढली की वेग सेकंदाला मीटरभर चढतो. शंभर मीटर खाली गेलं की दाबामुळे आणखी दीडेक मीटर. पावसाळ्यात नदीचं गोडं पाणी खाडीत शिरलं की भरतीचा आकडा ओहोटीला चालत नाही. खडकवासला धरणाचं पाणी 25 अंशांचं धरलं तर त्यात वेग 1497 येतो. म्हणजे पुस्तकातल्या समुद्राचा आकडा आमच्या पिण्याच्या पाण्यालाच जास्त शोभतो! हे नानांनी खडकवासल्याच्या चौपाटीवर, कणसाला लिंबू चोळता चोळता सांगितलं आणि धरणाकडे असं पाहिलं, की जणू ते त्यांनीच भरलंय.

नियम तिसरा. ‘एवढ्या फरकाने काय होतं’ हे वाक्य फक्त वेळ असेल तरच उच्चारावं.

खोली मोजताना लाँचच्या बुडाशी बसवलेलं यंत्र खाली आवाज सोडतं आणि तो तळाला आपटून परत येईपर्यंतचा वेळ मोजतं. जाऊन-येऊन वेळ असतो, म्हणून निम्मा धरायचा. दहा मीटर खोलीला हे सगळं सेकंदाच्या सुमारे पंचाहत्तराव्या भागात आटोपतं. आता यंत्रात 1500 बसवलंय आणि पाण्यात वेग आहे 1540, तर दहा मीटर खोली 9.74 दिसते. सव्वीस सेंटिमीटर गाळ हवेतून, म्हणजे पाण्यातून, तयार होतो. गाळ काढणारा ठेकेदार म्हणतो मी काढला, यंत्र म्हणतं आहे, आणि बिल अडकतं. उलट चूक झाली तर खोली जास्त दिसते आणि जहाजाचा तळ घासतो. म्हणून कामाला लागण्याआधी खुणा केलेल्या साखळीने एक लोखंडी पट्टी यंत्राखाली दोन मीटर, चार मीटर अशी सोडायची आणि यंत्रही तेवढंच दाखवतंय ना ते बघायचं. नाना हे सांगताना हाताने साखळी सोडून दाखवतात. त्या वेळी समोरचा चहाचा कप उचलून घ्यावा.

नियम चौथा. नॉट हवे असल्यास ताशी किलोमीटरला 1.852 ने भागावं. 5400 चे 2916 येतात. ‘ताशी नॉट’ म्हणू नये. तास आतच आहे.

नियम पाचवा. मॅकच्या, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या पटीत मोजण्याच्या, भानगडीत पडू नये.

नियम सहावा. पुणेकरांना उमजेल असं एकक निवडावं. लक्ष्मी रोडवरची स्कूटर हे एकक म्हणून निरुपयोगी आहे, कारण ते बहुतांश वेळ शून्य असतं. त्यापेक्षा 1930 पासून धावणारी डेक्कन क्वीन घ्या. पुणे-मुंबई 192 किलोमीटरला तिला तीन तासांहून जास्त लागतात. सरासरी ताशी साठ धरा. 5400 भागिले 60, नव्वद डेक्कन क्वीन. रुळांच्या जागी समुद्र असता तर पुण्यात मारलेली हाक दोन मिनिटं आठ सेकंदांत मुंबईला पोचली असती. नाना म्हणाले, ‘उथळ पाण्यात नाही पोचणार.’

नियम सातवा. इतिहास विचारू नये, पण विचारलात तर उत्तर ऐकण्यासारखं आहे. 1826 साली जिनिव्हाच्या सरोवरात कोलाडॉन आणि स्टर्म या शास्त्रज्ञांच्या प्रयोगात एका होडीतून पाण्याखाली घंटा वाजवली गेली आणि त्याच क्षणी वर बंदुकीच्या दारूचा जाळ केला गेला. तेरा-साडेतेरा किलोमीटरवर दुसऱ्या होडीत कोलाडॉन पाण्यात कर्णा बुडवून, कानाला लावून बसला होता. जाळ दिसल्यापासून घंटा ऐकू येईपर्यंत साधारण साडेनऊ सेकंद. 1435 मीटर सेकंदाला, पाणी आठ अंशांचं, गोडं. एवढ्या जुन्या माणसांनी तापमान टिपून ठेवलं, याचं नानांना फार कौतुक आहे. हे सांगताना ते माझ्याकडे का बघतात कळत नाही.

नियम आठवा, फक्त पालकांसाठी. वहीत ‘सुमारे 5400’ लिहून मोकळं व्हावं. वही आजोबांच्या हाती लागण्याचा संभव असेल तर शेजारी तापमान, क्षारता आणि खोली लिहावी. आमच्या वहीत ते लिहिलंय, खाली भरतीची वेळही आहे. बाईंनी हे काय म्हणून विचारलं तर आजोबांचा फोन नंबर द्यावा. बाईंनी फोन चारच्या चहानंतर करावा, आणि पुढचे दोन तास मोकळे ठेवावेत.