फोर्डसाहेब पडले त्याची गोष्ट

“काकू, काल तो इंडियाना जोन्स लागला होता. हे म्हणाले, त्यातला हा हिरो हॅरिसन फोर्ड खरोखरीच विमानासकट पडला होता म्हणे, गोल्फच्या मैदानात!”

“म्हणे कशाला, पडलाच होता. ५ मार्च २०१५. लॉस एंजेलिसला. सांता मोनिकाच्या विमानतळावरून उडाला, इंजिनाने मान टाकली, परत वळला तर धावपट्टीपर्यंत पोचेना. मग शेजारचं मैदान गाठलं. झाडाचा शेंडा घासला आणि आपटला.”

“पण ७२व्या वर्षी उडायचं कशाला मेलं?”

“वय काढू नकोस गं. आपले जेआरडी टाटा ७८व्या वर्षी जुन्या लेपर्ड मॉथमधून कराचीहून जुहूला आलेच की, १९८२ साली. आणि फोर्डचं विमानही १९४२चं, तोही १९४२चा! रायन पीटी-२२, महायुद्धात वैमानिक शिकवायला बनवलेलं.”

“मग बिघडलं काय?”

“कार्ब्युरेटर. तुझ्या सासऱ्यांची लॅम्ब्रेटा आठवते? पेट्रोल जास्त यायला लागलं की गचके खाऊन बंद पडायची. तसंच. त्यातलं मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक तोटी, आटे सोडून निसटलं, पेट्रोल भसाभसा आलं, इंजिनाचा जोर गेला. तो कार्ब्युरेटर कधीकाळी दुरुस्त केलेला, आणि पुढे जेट तपासत राहा असं पुस्तकातच नव्हतं.”

“अगं बाई! आणि लागलं किती?”

“डोकं फुटलं, ओटीपोटाचं हाड मोडलं, घोटा मोडला. नशीब बघ, मैदानावर मणक्याचा डॉक्टर गोल्फ खेळत होता, तो धावला. पण खरी मेख पुढेच आहे. खांद्याचे पट्टे मूळचे नव्हतेच, मागाहून कुणीतरी बसवलेले. तेही सीटच्या पातळ पत्र्याला, आतून आधार न देता. आदळल्याबरोबर पत्राच फाटला. चौकशीवाल्यांनी लिहून ठेवलंय, पट्टा नीट बसवलेला नव्हता म्हणून इजा वाढली.”

“म्हणजे पट्टा असून नसल्यासारखा!”

“तेच तर. लोक इंजिन चकचकीत करतात, पट्टा कशाला जोडलाय ते कोण बघतं?”

“मग त्याने उडणं सोडलं असेल.”

“कसलं सोडतोय! काही महिन्यांत पुन्हा हवेत. २०१७च्या फेब्रुवारीत जॉन वेन विमानतळावर धावपट्टी सोडून बाजूच्या टॅक्सीवेवर उतरला, तेही माणसांनी भरलेल्या ७३७ विमानाच्या डोक्यावरून.”

“बाई गं! त्यातही जेटच निसटलं का?”

“छे, ते विमान ठणठणीत होतं. ती चूक सगळी ह्याचीच.”