गिटारची हळद

हिंगोलीत राहणाऱ्या माणसाने पिवळा रंग दुकानातून विकत आणावा, हे काही मला पटेना. इथल्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात हळदीच्या राशी लागतात. शेजारच्या वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. आणि मी गिटार रंगवायला परदेशी रंगाची बाटली मागवू? छे!

गिटार घरीच बनवत होतो. गिटारवादक ब्रायन मेने 1963 साली, सोळा वर्षांचा असताना, वडिलांना हाताशी धरून आपली लाल गिटार करायला घेतली होती. मानेला जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड, आत मोटारसायकलच्या स्प्रिंगा, मानेवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे. हा किस्सा मी घरी सांगितला. वडिलांनी पेपरमधून डोकं काढून “मग ह्याचं आपल्याला काय?” एवढं विचारलं आणि पुन्हा घातलं. आईने बटणांचा डबा उचलून कपाटात ठेवला. शेकोटीचा प्रश्नच नव्हता. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो अशा गावात ती कोण बांधणार?

म्हणून आरामशिनीवरून शिवणीची फळी आणली. शिवण हलकी, रंगाने फिकट आणि वाद्यांच्या कामाला चालणारी. मान तयारच मागवली, कारण पट्ट्यांच्या अंतराचं गणित माझ्या कुवतीबाहेरचं. पंचेचाळीस मिलिमीटर जाडीचं धड मात्र सुतारकाकांच्या देखरेखीखाली मी स्वतः कापलं. देखरेख म्हणजे ते कापत होते आणि मी फळी धरली होती.

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज तारांखालच्या चुंबकातून आणि तांब्याच्या वेटोळ्यातून येतो, धडाच्या रंगाचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण लोक आधी डोळ्यांनी ऐकतात. गिटारवादक लेस पॉलने 1940च्या सुमारास एका चौकोनी ओंडक्यावर तारा चढवून वाजवलं, तेव्हा कुणी फारसं कौतुक केलं नाही. त्याच ओंडक्याला दोन्ही बाजूंनी गिटारचे खोटे पंख लावले, तेव्हा कुठे टाळ्या पडल्या. पुढे त्याच्या नावाची गिब्सन गिटार निघाली. तिच्या 1958 ते 1960 मधल्या नगांना मध्ये पिवळा आणि कडेला लालसर असा सूर्यास्ती रंग होता. तोच मला हवा होता.

युक्ती तयार होती. हळदीला चुना लागला की ती लाल होते. जुन्या पद्धतीचं कुंकू हळदीपासूनच करत. मध्ये हळद, कडेला हळद-चुना. गिब्सनच्या कारखान्यात आमची आजी नव्हती, म्हणून त्यांना फवाऱ्याची यंत्रं लागली.

आधी हळद पाण्यात कालवून फासली. हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. वरून पाण्याने लाकडाची तुसं उभी राहिली. पुन्हा पॉलिशपेपर. मग स्पिरिट आणलं आणि त्यात मात्र हळद अशी उतरली की बघत राहावं. पानटपरीवर जाऊन नुसता चुना मागितला. टपरीवाल्याने “तंबाखू कधीपासून?” असं काळजीने विचारलं. शहरभर वार्ता गेली असणार.

रंग अप्रतिम आला. मी फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. शेजारच्या काकू बघायला आल्या, गाल फुगवून हसल्या आणि म्हणाल्या, “हळद लागली ना रे? मग आता घराबाहेर नको काढूस.”

शास्त्र यापेक्षा सोप्या शब्दांत कुणी सांगितलं नसेल. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. पण हे मला नंतर कळलं. लवकर वाळावी म्हणून मी गिटार भर उन्हाळ्यात गच्चीवर नेऊन ठेवली.

गच्चीवर आईच्या कुरडया साडीवर वाळत होत्या. वाऱ्याने साडी उडू नये म्हणून तिने एका कोपऱ्यावर गिटार ठेवली आणि गिटारवर पाण्याचा तांब्या. संध्याकाळी हिशेब असा लागला: साडी पिवळी, कुरडया पिवळ्या, माझा बनियन, टॉवेल, नळाची तोटी, सगळं पिवळं. गिटार तेवढी पांढुरकी पडली होती. तांब्याखालचं वर्तुळ मात्र झळझळीत. कडेच्या लालीचंही तसंच. हवेतला कार्बन डायऑक्साइड चुन्याचा खडू करतो, खार ओसरतो आणि हळद पुन्हा मूळ पदावर येते. गंमत म्हणजे त्या जुन्या गिब्सनचा लाल रंगही कित्येकदा उजेडाने असाच उडाला, आणि त्या लिंबोळ्या झालेल्या गिटारी आज कोटींत जातात. मी हे वडिलांना सांगितलं. त्यांनी तांब्याच्या वर्तुळाकडे बोट करून “ह्याचे किती येतील?” असं विचारलं.

पुन्हा हळद, पुन्हा चुना. या खेपेला सावलीत. रंग कोंडून ठेवायला त्यावर लाखेचं पॉलिश द्यायचं ठरवलं. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि कापसाच्या गादीने फिरवायची. हळद स्पिरिटमध्ये विरघळते हे मला ठाऊक होतं, मीच ती विरघळवली होती. तरीही मी तेच स्पिरिट तिच्यावर फिरवलं. लाख किंचित आंबट, त्यामुळे उरलीसुरली लाली तिने पुसली. पिवळं लालात गेलं, लाल पिवळ्यात आलं आणि धडाला कालच्या वरणासारखा रंग चढला.

हळद पॉलिश करणाऱ्या ओळखीच्या एकाला फोन केला. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि ढोलात किती क्विंटल टाकायची ते विचारलं.

शेवटी सुतारकाका म्हणाले, “काळा मारू.” मारला. फवाऱ्याचा काळा आणि वर क्लिअर. आरशासारखी चमक! आधी लाकडातली बारीकसारीक भोकं मी स्वतः लांबी भरून बुजवली होती आणि काकांनी त्या सफाईचं कौतुकही केलं होतं.

तारा चढवल्या, अ‍ॅम्प्लिफायर लावला. खर्रर्र. तारांना हात लावला तरी खर्रर्र. ब्रिजखालून आतल्या खोबणीत अर्थिंगची वायर जाते, तिच्यासाठी पाडलेलं बारीक भोक सापडेना. काका टॉर्च घेऊन वाकले. बराच वेळ नखाने टोकरत राहिले आणि म्हणाले, “सापडलं. ह्यात लांबीच भरलीस ना? का हळद?”