लुतीच्या किड्यास खुले पत्र

सार्कोप्टिस किड्या,

मायन्यात ‘प्रिय’ लिहावं अशी तुझी लायकी नाही. आमच्या गल्लीतल्या काळू कुत्र्याचे कान बघितले आणि हे पत्र लिहायला घेतलं. कानांच्या कडांवर करड्या खपल्या, कोपरांवरचे केस झडलेले, पोटावर लाल पुटकुळ्या. कानाची कड चिमटीत धरून चोळली की त्याचा मागचा पाय आपोआप हवेत खाजवायला लागतो. तुझा संशय घ्यायला डॉक्टरांना ही खूण मोठी कामाची.

अर्धा मिलिमीटरही नाहीस तू. कोळी-गोचिडांच्या कुळातला, आठ पायांचा. तुझी मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणत पुढे सरकते आणि मागे रोज दोन-तीन अंडी टाकत जाते. अंड्यापासून पुढची पिढी तयार व्हायला तीन आठवडे पुरतात. फुकट राहायचं, फुकट खायचं आणि ज्याच्या जिवावर जगायचं त्याला रात्रभर डोळा लागू द्यायचा नाही, इतका निर्लज्ज भाडेकरू दुसरा नसेल.

लपण्यातही तू पटाईत. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरली तरी कित्येकदा सापडत नाहीस. मालक ‘निगेटिव्ह’ वाचून निर्धास्त होतो. जाणता डॉक्टर मात्र रिपोर्टवर न थांबता लक्षणं बघून उपचार सुरू करतो. 1687 साली इटलीत बोनोमो नावाच्या वैद्याने फ्रान्चेस्को रेदीला पत्र लिहून माणसाच्या खरजेमागे तुझाच भाऊबंद असल्याचं दाखवून दिलं होतं. आमच्याकडे अजूनही ‘उष्णता झालीय’ म्हणून सांगतात आणि तुला आणखी महिनाभर मोकळं रान मिळतं.

सर्वांत संताप येतो तो जळक्या ऑइलचा. कुणीतरी गॅरेजमधून डबा आणून काळूच्या पाठीवर ओतला. आधीच सोललेली कातडी आणखी भाजली. कुत्रं अंग चाटणारच, म्हणजे ते विष पोटातही गेलं. आणि तू? उपाय झाला असं समजून माणसं घरी गेली, हे तुझ्या पथ्यावरच पडलं.

पण तुझं औषध आहे, हे तूही ऐकून ठेव. ज्या शोधातून आयव्हरमेक्टिन आलं, त्यासाठी कॅम्पबेल आणि ओमुरा यांना 2015 मध्ये नोबेल मिळालं. कोली जातीच्या काही कुत्र्यांच्या ते जिवावर बेतू शकतं, म्हणून दुकानातून आणून कुणी परस्पर टोचायचं नाही. आता तर चघळायच्या गोळ्याही आल्यात. डॉक्टर वजन बघून ठरवतात आणि कुत्रं ती खाऊ समजून खातं.

तू तगतोस तो आमच्या अर्धवट उपचारांवर. एकाला औषध द्यायचं आणि त्याच्याच अंगाला अंग लावून झोपणाऱ्या दुसऱ्याला सोडायचं, की तू पुन्हा हजर. म्हणून काळूबरोबर टपरीमागच्या दोन कुत्र्यांनाही, अंगावर एक खपली नसताना, त्याच दिवशी गोळी दिली. ते झोपायचे ते पोतं जाळलं. वॉचमनकाकांच्या हातावर तू उठवलेल्या पुटकुळ्या आपोआप जातील, कारण कुत्र्यावरच्या तुला माणसाच्या अंगावर संसार थाटता येत नाही. काकांना तसं सांगितलंय, म्हणजे ते काळूला काठीने हाकलणार नाहीत.

काळूची खाज कमी झालीय. तरी डॉक्टरांनी लिहून दिलेला शेवटचा डोस चुकणार नाही.

काळूच्या गल्लीतली एक रहिवासी